आपला कांदा खातंय कोण?

युसूफ वडगावात केसरबाईला पाठीमागं 'कावूनबाई' म्हणतात, आणि हे तिला ठाऊक आहे. तिला त्याचा राग येत नाही. नांदूरघाटला माहेरी चौथीत असताना गुरुजींनी तिला एकदा वर्गाबाहेर बसवलं होतं. नकाशातली नदी निळी आणि आपल्या गावची मातकट, असं कावून, म्हणजे का, हा एकच प्रश्न तिनं एका सकाळी पाच वेळा विचारला होता. उत्तर मिळालं नाही. चौथीनंतर शाळा सुटली, लग्न झालं, हातात कोयता आला. पुढची चौदा वर्षं दिवाळीचा दिवा विझला की नवऱ्याबरोबर, म्हणजे गहिनीनाथबरोबर, ऊसतोडीला जायचं, कारखान्याच्या तळावर कोपीत, पाचटाच्या खोपटात, राहायचं, गुढीपाडव्याच्या आसपास परत यायचं. तिथंही तिचं चालूच. काळपट रसाची साखर पांढरी होते कशी, हे तिनं मुकादमाला इतक्या वेळा विचारलं, की एक दिवस त्यानं वैतागून तिला कारखान्याच्या आत नेऊन दाखवलं. टोळीतल्या बाया म्हणाल्या, "बघा, तोंड हाय म्हणून कारखाना बघाया मिळाला!"

गहिनीनाथ उसाच्या ट्रॅक्टरवर गाडी चालवायला शिकला आणि कोयता सुटला. त्याला बजरंग आबांच्या ट्रकवर काम लागलं. बजरंग आबा म्हणजे गावचे माजी सरपंच. जमीन भरपूर, पंचायत समितीपर्यंत शब्द चालतो, आणि बाजाराच्या कडेला त्यांचं कांद्याचं मोठं शेड. त्याच शेडमध्ये केसरबाई कांदा निवडायला जाऊ लागली. वीसेक बाया ढिगाभोवती बसायच्या. मोठा एकीकडं, मधला दुसरीकडं, बारीक चिंगळी तिसरीकडं, सडका टोपलीत.

तिथं तिला नवा प्रश्न सापडला. मोठा कांदा दुबईच्या गाडीला जायचा. मधला, मुठीत मावेल असा, गडद लाल, तो वेगळ्या जाळीच्या गोण्यांत भरून बांगलादेशाला. आणि ती गाडी बहुतेक वेळा गहिनीनाथच न्यायचा. नागपूर, रायपूर, खरगपूर करत पाच-सहा दिवसांनी बंगालची हद्द. तिथं रांगेत आठवडाभर थांबायचं, मग कागद करून फाटकापलीकडं बेनापोलला जायचं, माल उतरला की माघारी. पलीकडच्या खुष्कीच्या बंदराच्या आवाराबाहेर पाय टाकायची परवानगी नाही.

एकदा तो खेपेहून आला, आंघोळ करून जेवायला बसला, तशी केसरबाईनं विचारलं, "अवो, त्यो बारका कांदा त्येंला कावून लागतो? मोठा का नको?"

"मला काय म्हाईत. माझं काम गाडी लावायचं."

"कशाबरं खातेत मग?"

"खात आसतील कशाबरं बी."

"आतापस्तोर किती खेपा झाल्या?"

"झाल्या आसतील तीसेक."

केसरबाईनं भाकरीचं पीठ परातीतच सोडलं. "तीस बारी परदेशाला जाऊन आलाव अन् एवढं ईचारलं न्हाई? आपला कांदा खातंय कोण, ते बी ठावं न्हाई?"

गहिनीनाथनं जेवण उरकलं. पण पुढच्या खेपेला तो प्रश्न त्याच्या डोक्यात कुसळासारखा रुतून बसला. बेनापोलच्या आवारात, उतराईच्या शेडला लागून, राहेला नावाच्या एका विधवा बाईची भाताची खाणावळ होती. इकडचे ड्रायव्हर तिथंच जेवायचे. टीव्हीवरच्या हिंदी मालिका बघून बघून तिला हिंदी चांगलं यायचं. गहिनीनाथ चार वर्षं तिच्याकडं जेवत होता, पण 'भात', 'डाळ' आणि 'बस' या तीन शब्दांपलीकडं बोलणं झालं नव्हतं. त्या दिवशी तो जेवून उठला, हात धुतले आणि तसाच उभा राहिला.

"और कुछ?" राहेलानं विचारलं.

"घरवालीने पूछा है," तो खाली बघत म्हणाला, "कांदा किसके साथ खाते तुम लोग?"

राहेला आधी बघतच राहिली, मग पदर तोंडाला लावून हसली. "फोन चालू करो. मैं खुद बताती."

असा तो पहिला आवाज, फोनवर भरून पाठवलेला, युसूफ वडगावात आला. केसरबाईची मुलगी संस्कृती तेव्हा अकरावीला होती. तिनं फोन मोठ्यानं लावला. मागं भांड्यांचा आवाज, कावळे, कुणीतरी हाका मारतंय, आणि मधे एक घोगरा, हसरा बायकी आवाज. राहेला सांगत होती, की रात्री उरलेला भात आम्ही पाण्यात घालून ठेवतो. सकाळी त्यात मीठ, हिरवी मिरची आणि कच्चा कांदा. त्याला पांता म्हणतात. बारका कांदा एका माणसाला एका वेळी पुरतो. मोठा चिरला तर अर्धा उरतो आणि त्याला शेजारच्या मासळीचा वास लागतो. शिवाय बारका तिखट असतो, वाटणात रस धरतो. वाटण कशावर करतो, तर दगडी पाट्यावर. आणि शेवटी म्हणाली, "दीदी, अब मेरा सवाल. सुना है, तुम्हारे उधर नदी में पानी नहीं. फिर पेंयाज उगता कैसे है?"

केसरबाईनं तो निरोप चार वेळा ऐकला. "आगं बया! म्हंजे आपुन शिळ्या भाकरीवर कांदा फोडून खातो, तसंच की! अन् पाटा-वरवंटा बी हाय त्येंच्यात!" तिला इतका आनंद झाला, की जणू हरवलेली मावशी सापडली. मग ओट्यावर बसून, पदर नीट करून, तिनं आपल्या हिंदीत उत्तर दिलं. ती हिंदी केजच्या आठवडी बाजारातल्या बांगडीवाल्या चाचीकडून आलेली. "हमारे इधर पानी है, मगर गिन गिन के है. बोअरचा पाइप एक घंटा चलता, फिर खासता," असं म्हणून तिनं पाइपाच्या खोकल्याची नक्कलही केली. संस्कृती हसून लोळायची राहिली.

मग ते सुरूच झालं. आठ-पंधरा दिवसांनी एक निरोप इकडून, एक तिकडून. राहेलाला मोठी नदी ठाऊक होती, डोंगर कधी पाहिला नव्हता. केसरबाईनं संस्कृतीकडून बालाघाटाचा फोटो काढून पाठवला, तर राहेलानं विचारलं, "ये ऊपर कौन रखा?" केसरबाईनं शेडमधल्या बायांना ते सांगितलं. सगळ्या हसल्या, आणि मग साखराबाई नावाची एक म्हातारी म्हणाली, "खरंच की. कुणी ठिवला आसंल?"

ते वर्ष सरत आलं तेव्हा पहिली खुट्ट झाली. गाडी भरून, ताडपत्री बांधून, लिंबू-मिरची लावून शेडपुढं उभी होती. गहिनीनाथ शर्ट घालत होता, तेवढ्यात बातमी आली की सरकारनं कांदा परदेशात पाठवणं बंद केलं. ताडपत्री सुटली, गोण्या उतरल्या. शेडमध्ये ढीग वाढत गेला. आठवड्यानं राहेलाचा निरोप आला. या वेळी आवाजात हसू नव्हतं. बाजारात कांदा सोन्यासारखा झालाय, गिऱ्हाइकं ताटात कांदा मागतात आणि मी तोंड चुकवते, असं सांगून ती म्हणाली, "दीदी, बंद क्यों किया? हमने तुम्हारा क्या बिगाड़ा?"

ज्याच्याकडं याचं उत्तर असेल त्याला विचारावं, म्हणून ती बजरंग आबांच्या ओसरीवर गेली. आबा चार माणसांत बसले होते.

"आबा, त्येंचा कांदा कावून बंद केला?"

"आगं, इथं आपल्या शहरात म्हागला, की बंद करत्येत. निवडणुकीचं वारं हाय. हरसाल न्हाई का हुत?"

"ते झालं. पर त्येंला आधी सांगितलं आसंल ना?"

आबा हसले, बाकीचेही हसले. "मोठ्या वाड्यानं शेजारच्या कोपीला ईचारून चूल पेटवायची आसती व्हय, केसर?"

केसरबाई जायला वळली, दोन पावलं गेली आणि थांबली. "चूल आपली हाय, खरंय. पर आबा, त्येंच्या चुलीवर सुदिक कांदा आपलाच हाय. त्येंनी बसायचं का वाट बघत?"

आबांनी तंबाखू मळत नुसती मान हलवली. घरी येऊन केसरबाईनं राहेलाला सांगितलं, "मैंने बंद नहीं किया, बाई. मेरे सामने पडेला है. कोंब फुट रहे." त्या रात्रीच्या भाजीत तिनं कांदा दुप्पट घातला, आणि का घातला ते तिचं तिलाही कळलं नाही.

बंदी पुढं उठली. गाड्या पुन्हा लागल्या, पण पहिल्यासारख्या नाहीत. चोविसच्या श्रावणाच्या तोंडाला गहिनीनाथ माल घेऊन बेनापोलच्या आवारात शिरला, आणि दुसऱ्या दिवशी तिथलं सरकारच पडलं. पोरांची मोठी चळवळ चालली होती, ती राजधानीत घुसली. तिथल्या पंतप्रधानबाई देश सोडून आपल्याकडं आल्या. फाटक बंद झालं. आतल्या गाड्या आत, बाहेरच्या बाहेर. फोन लागेना.

शेडच्या टीव्हीवर जमाव दिसायचा, आग दिसायची. बाया कांदा निवडता निवडता केसरबाईकडं चोरून बघायच्या. बजरंग आबा मोठ्यानं बोलत होते, "एकाहत्तरला आपल्या पोरांनी रगत सांडलं त्येंच्यासाठी, अन् आता आपल्याच नावानं बोंबा!" केसरबाईला राग आला नाही, भीती वाटली; आणि भीतीच्याही आत एक प्रश्न वळवळत राहिला. एवढी माणसं रस्त्यावर येतात म्हणजे त्यांना काहीतरी झालं असणार. काय झालं असेल? टीव्हीवरचा माणूस ओरडत होता, पण ते काही तो सांगेना.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. गहिनीनाथ अलीकडं आला होता. पुढं आठ दिवसांनी तो घरी आला. दाढी वाढलेली, डोळे खोल. केसरबाईनं त्याला आधी चहा दिला, पाणी तापवलं, जेवू घातलं. मगच विचारलं.

"भ्याव वाटलं?"

"लई. आमी बत्तीस ड्रायव्हर हुतो. भाईर घोषणा चालू. काय म्हणायलेत, कळंना. राहेलानं आमाला गाडीतून उतरवून खानावळीत बसवलं अन् शटर खाली वढलं. दोन दीस खिचडी घातली. भांडी घासू म्हणलं तर घासू देईना."

"कुणी आलतं का आत?"

"चार-दोन पोरं आलती. हिंदुस्थानी कोण हायेत, म्हणायली. तर ही भाईर जाऊन उभी. काय बोलली कुणास ठाव, बंगालीत. पर पोरं गेली. त्येंच्यातलाच एकजण माघारी आला अन् पाण्याच्या बाटल्या दिऊन गेला."

"मग तुमाला काय म्हणली ती?"

गहिनीनाथनं पाय लांब केले. "म्हणली, तुमचा देश एकाच बाईच्या पाठीशी उभा ऱ्हायला, आमच्या पाठीशी न्हाई. पोरांचा राग त्याच्यावर हाय, तुमच्यावर न्हाई. मी म्हणलं, बाई, मला तर त्या बाईचं घर बी ठावं न्हाई. मी कुणाच्या पाठीशी न्हाई, मी स्टेरिंगच्या पाठीशी. तवा हसली."

एक देश दुसऱ्या देशातल्या एका माणसाच्या पाठीशी उभा राहतो म्हणजे काय करतो, हे केसरबाईला समजून घ्यायचं होतं. पण नवरा बसल्या जागी झोपला होता.

राहेलाला 'तुमचे उपकार' म्हणून तिनं निरोप पाठवला. उत्तर पंधरा दिवस आलं नाही. आलं तेव्हा तो आवाज ओळखू येईना. राहेलाचं माहेर त्या देशाच्या दुसऱ्या टोकाला, भारताच्या हद्दीजवळ होतं. तिथं महापूर आला होता. भावाचं घर पत्र्यापर्यंत पाण्यात, गुरं गेली, भाऊ बायकापोरांसह शाळेच्या गच्चीवर तीन दिवस. तिकडं सगळे म्हणत होते, वरच्या अंगाला भारतानं धरणाचं दार रातोरात उघडलं, मुद्दाम. राहेलानं फक्त एवढंच विचारलं होतं: "दीदी, तुम्हारे देश ने पानी क्यों छोड़ा? सच बोलना."

संस्कृतीनं फोनवर शोधलं. इकडं लिहिलं होतं, पाणी आपोआप सुटलं, पाऊसच तेवढा झाला. तिकडं लिहिलं होतं, मुद्दाम सोडलं. "आई, दोन्हीबी लिहिलंय," ती म्हणाली. "कोणतं सांगायचं?"

"जे बघितलं न्हाई, ते कसं सांगायचं?" केसरबाई म्हणाली. मग तिला सुचलं, की ते धरण बघता येत नसलं तरी धरण असतं कसं, ते तर बघता येतं. धनेगावचं धरण जवळच होतं. तिच्या मोठ्या नणंदेची जमीन त्या पाण्याखाली गेलेली. धाकटी नणंद लातूर जिल्ह्यात खालच्या अंगाला दिलेली, दार उघडलं की तिच्या वावरात नदी यायची. एकीचं साठल्यानं गेलं, दुसरीचं सोडल्यानं. दोघी दिवाळीला एकत्र आल्या की भांडायच्या, आणि केसरबाई आजवर त्यांना फक्त चहा द्यायची. त्या भांडणात काय होतं, हे तिनं कधी नीट ऐकलंच नव्हतं.

त्या वर्षी धरण भरलं. दारं उघडणार अशी हाळी फिरली, त्या सकाळी तिनं शेडवर खाडा केला, संस्कृतीला बरोबर घेतलं आणि वडाप जीपनं धनेगाव गाठलं. बघ्यांची जत्राच होती. कणसं भाजत होती, पोरं फोटो काढत होती. केसरबाई गर्दी चिरत पार फाटकापर्यंत गेली. तिथं धरणावरचा एक कर्मचारी गळ्यात शिट्टी अडकवून लोकांना मागं सारत होता. पन्नाशीचा, पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला.

"दादा, एक ईचारू?"

"मागं सरका मावशी. फोटो तिकडून काढा."

"फोटो न्हाई काढायचा. दार कधी उघडायचं, ते कोण ठरवतं?"

त्यानं वळून पाहिलं. इतक्या वर्षांत असं कुणी विचारलं नसावं. "पाणी ठरवतं," तो म्हणाला. "ह्या रेषेला आलं की उघडावंच लागतं. न्हाई उघडलं तर भिंतीवर भार येतो. भिंत गेली तर खाली कायबी ऱ्हाणार न्हाई."

"म्हंजे नाइलाज."

"नाइलाज. पर आमी आधीपासनं थोडं थोडं सोडत ऱ्हातो. एकदम सोडायची पाळी यिऊ द्यायची न्हाई, त्यातच खरी हुशारी."

"अन् खालच्यांला कसं कळतं?"

"भोंगा वाजवतो. तहसीलला फोन, पोलीस पाटलांना फोन, दवंडी. पाणी किती वाजता कुठं पोचंल, ते बी सांगतो. सांगितल्याबिगर दाराला हात लावायचा न्हाई."

"आन् खालचं गाव दुसऱ्या देशात आसलं तर? तर कुणाला फोन करायचा?"

तो हसायला गेला, पण तिचा चेहरा बघून थांबला. त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. "मावशी, आमच्या खाली लातूर हाय. ते तुमी दिल्लीला ईचारा."

मग भोंगा वाजला. पायाखालची जमीन गुरगुरली आणि पांढरं पाणी खाली कोसळलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. केसरबाई मात्र पाण्याकडं न बघता ते जिकडं जात होतं तिकडं बघत होती. धाकट्या नणंदेचं वावर दिसत नव्हतं, पण त्या दिशेला होतं. तिथं तिला पहिल्यांदा नीट कळलं, की वर उभं राहिलं की हे बघायला किती छान वाटतं.

तिथूनच, पाण्याच्या आवाजात, तिनं राहेलाला निरोप पाठवला. ओरडूनच बोलावं लागलं. तिनं जे पाहिलं ते सांगितलं: भरलं की उघडावं लागतं, नाहीतर भिंत जाते. पण उघडायच्या आधी सांगावं लागतं, हेही सांगितलं. "तुमको बताया या नहीं बताया, वो मेरे को मालूम नहीं. बताना चाहिए था. नहीं बताया होगा तो गलत किया. तुम्हारा भाई कैसा है?"

तीन दिवसांनी उत्तर आलं. भाऊ बरा होता, शाळेतून घरी गेला होता, गाळ काढत होता. राहेला म्हणाली, "इधर सब बोलते हैं, जानबूझकर किया. उधर सब बोलते हैं, नहीं किया. 'मालूम नहीं' किसीने नहीं बोला था, दीदी. मैंने भाई को भी सुनाया. वो पानी की आवाज़ सुनके डर गया. फिर उसने दो बार सुना."

पुढच्या वर्षी फासे उलटे पडले. आता तिकडच्या सरकारनं आपला कांदा घेणं थांबवलं. आधी 'थोडे दिवस' म्हणाले, मग महिने गेले. मुठीत मावणारा गडद लाल कांदा शेडमध्ये साठत राहिला, वास सुटू लागला. विसांतल्या आठच बाया कामावर राहिल्या. केसरबाई त्यात होती, साखराबाई नव्हती. गहिनीनाथला आबांनी हैदराबादच्या खेपेला लावलं.

एक दिवस, उन्हं उतरताना, बजरंग आबा केसरबाईच्या दारात आले. ते याआधी मत मागायला सोडून त्या गल्लीत कधी आले नव्हते. केसरबाईनं सतरंजी टाकली. आबा बसले, पाणी प्याले, संस्कृतीच्या कॉलेजची चौकशी केली, आणि मग खाकरून म्हणाले, "केसर, ती तुझी बाई काय म्हणती? घेणार हायेत का न्हाई पुन्यांदा?"

"ईचारते की," केसरबाई म्हणाली आणि त्यांच्यासमोरच फोन काढला. "राहेलाबाई, अब तुमने कावून बंद किया? हमारे सरपंच पूछ रहे."

"माजी सरपंच," आबा हळूच म्हणाले.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं आणि आबा ते ऐकायला पुन्हा आले. राहेलानं चौकशी करून सांगितलं होतं. तिकडं फरीदपूरच्या बाजूला कांदा पिकतो, तिथले शेतकरी खूश आहेत; पहिल्यांदा त्यांच्या मालाला कुणी विचारतंय. तिची खाणावळ मात्र ओस पडली होती. दिवसभरात दोन-चार ताटं. शेवटी ती म्हणाली, "सरपंच साहब को बोलना, यहाँ लोग कहते हैं, जो दरवाज़ा एक बार बिना बताए बंद हुआ, उसके भरोसे चूल्हा नहीं जलाना."

निरोप संपला. आबांनी हातातला तंबाखू तसाच ठेवला. कोपीचं ते वाक्य त्यांना आठवलं की नाही, केसरबाईला कळलं नाही. तिनं आठवण करूनही दिली नाही. ते उठले, चपला घातल्या, आणि जाताना म्हणाले, "खोटं न्हाई बोलली." पुढच्या आठवड्यात त्यांनी शेड तसंच ठेवून निम्म्या वावरात कांद्याऐवजी सीताफळ लावायचं ठरवलं.

केसरबाईच्या डोक्यात मात्र दुसरंच काही शिजत होतं. गहिनीनाथ आता जात नाही. राहेलाचा निरोप कधी महिन्यानं येतो. ज्या बाईनं आपल्या नवऱ्यासाठी शटर ओढलं, तिच्या हातचा पांता आपण कधी खाणार? एका रविवारी तिनं संस्कृतीला विचारलं, "परदेशाला जायचा कागद कुठं मिळतो गं?"

बीडला, टपाल कचेरीत. आधार कार्ड, रेशन कार्ड, शाळेचा दाखला. दाखल्यासाठी ती नांदूरघाटच्या शाळेत गेली, तेव्हा रजिस्टरात तिचं नाव सापडलं आणि तिला उगाच भरून आलं. फोटो काढताना फोटोवाला म्हणाला हसू नका, तर तिनं त्यालाही कारण विचारलं.

मग चौकशीला हवालदार घरी आला. तरुण, नीट बोलणारा. त्यानं कागद काढले. "मावशी, पासपोर्ट कशासाठी? यात्रेला, का मुलाकडं?"

"बांगलादेशाला."

त्याचं पेन थांबलं. त्यानं दारात उभ्या गहिनीनाथकडं बघितलं, मग पुन्हा तिच्याकडं. "हल्ली तिकडचं वातावरण... तिथं कोण हाय तुमचं?"

"मैत्रीण हाय."

"आन् काम काय?"

"जेवायला जायचंय."

गहिनीनाथनं कपाळाला हात लावला. हवालदार हसू दाबत म्हणाला, "मावशी, हे मी लिहू?"

"लिव्हा की. खोटं थोडंच हाय? आमच्या मालकाला तिनं दोन दीस खिचडी घातली. आता मी एकदा जाऊन यायचं, एकदा तिला बोलवायचं. शेजारी म्हणलं की येणं-जाणं आसतं का न्हाई?"

त्यानं 'मैत्रिणीची भेट' असं लिहिलं आणि चहाबरोबर पांत्याचं थोडं ऐकून निघाला. फाटकाशी थांबून त्यानं विचारलं, "खरंच ते शिळ्या भातात कांदा खातेत?" केसरबाईनं त्याला पांत्याची सगळी कृती सांगितली.

पासपोर्ट टपालानं आला. निळं पुस्तक, वर सोनेरी सिंह. केसरबाईनं ते उदबत्ती लावून देव्हाऱ्यापुढं ठेवलं नाही; मांडीवर घेतलं आणि एकेक पान उलटलं. पुढं कोरीच पानं होती. संस्कृतीनं सांगितलं, की तिकडच्या सरकारनं या म्हटलं, की त्यावर शिक्का बसतो, त्याला व्हिसा म्हणतात. आणि सध्या दोन्ही बाजूंनी ते देणं फार तंग केलंय.

"म्हंजे फाटक अजून लावलेलंच हाय."

"लावलेलं. पर कायमचं न्हाई म्हणायलेत."

केसरबाईनं राहेलाला पासपोर्टचा फोटो पाठवला. बाराव्या दिवशी उत्तर आलं. मागं पुन्हा भांड्यांचा आवाज होता, आणि आवाजात पहिलं हसू. राहेलानंही कागदांसाठी अर्ज केला होता. ती म्हणाली, जेव्हा कधी व्हिसा मिळेल तेव्हा मिळू दे, पण थंडीत येऊ नकोस. थंडीत पांता चांगला लागत नाही. बोइशाखात ये. आमच्या नव्या वर्षाचा पहिला दिवस असतो, घराघरात पांता करतात.

"बोइशाख म्हंजे वैशाख?" केसरबाईनं विचारलं.

"तोच," संस्कृती म्हणाली, आणि फोनवर बघून तिच्या कपाळाला आठी पडली. "पर त्येंचा वैशाख एप्रिलात चौदाला लागतो. आपला काही वर्षी त्याच्या लगेच मागून, काही वर्षी लई नंतर."

"म्हैना एकच, नाव एकच."

"व्हय."

"मग आपुन त्यो येगळा मोजतो कावून? कुणी बदलला, आपुन का त्येंनी?"

संस्कृतीनं फोन खाली ठेवला. केसरबाई उठली, पायात चपला सरकवल्या आणि भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यासकट काढून काखेत मारलं. गल्लीच्या टोकाला पंचांग बघणारे रामहरी गुरव राहतात. ते दुपारचे झोपलेले असणार, हे तिला माहीत होतं.